ताइफच्या घरातली अकरा रिव्हॉल्व्हरं

आमच्या मराठी मंडळात त्या माणसाला सगळे दादा म्हणतात. मीही बावीस वर्षं म्हणत होते. आता म्हणत नाही. पण दुसरं काही म्हणायचं तर नाव घ्यावं लागेल, आणि नाव घ्यायची माझी इच्छा नाही. तेव्हा इथे दादाच लिहिते. लिहिताना दर वेळी दात करकरतात, तेवढं वाचणाऱ्याने समजून घ्यावं.

मी सौदीतल्या जेद्दात फिजिओथेरपिस्ट आहे. एका खासगी हॉस्पिटलात बायकांच्या विभागात जखडलेले खांदे, सुजलेले गुडघे आणि बाळंतपणानंतर मोडलेल्या कंबरा सरळ करते. पेशंट बायकांशी बोलून बोलून माझं अरबी बऱ्यापैकी झालं आहे. त्यात व्याकरण नाही, पण पाच मिनिटांत भांडता येतं. नवरा थुवालच्या पुढे किनाऱ्यावरच्या एका प्लांटवर इंजिनिअर आहे. रोज पहाटे बसने जातो, दिवेलागणीला येतो.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे सत्तरीची एक विधवा बाई यायला लागली. उजवा खांदा जखडलेला, हात कानापर्यंतही जाईना. मी तिच्यासमोर उभी राहून व्यायाम दाखवला. हात सरळ पुढे, कोपर ताठ, खांदा खाली, श्वास अर्धा सोडायचा आणि थांबायचं. ती माझा हात बघत राहिली.

"बिंती, तू नेम धरून उभी आहेस," ती म्हणाली. बिंती म्हणजे मुली.

मी हात खाली घेतला. "सवय आहे, खाला. कॉलेजात पिस्तूल चालवायचे." खाला म्हणजे मावशी; इथे वयस्क बाईला तसंच म्हणतात.

"माझा नवरा अस्साच उभा राहायचा. त्याची अकरा आहेत घरी."

"अकरा काय?"

"रिव्हॉल्व्हर. माणसं मारायची नव्हेत. कागद मारायची."

मला हसू आलं. कागद मारायची. आमचे नाशिकचे कर्नलसाहेब नेमकं हेच म्हणायचे.

ते कर्नल निवृत्त होते आणि आमच्या रायफल क्लबात येणाऱ्या पोरांना शिकवायचे. त्यांच्याकडे जुनी तीन टार्गेट रिव्हॉल्व्हरं होती. बत्तीस बोअर, लांब नळी, मागची, नेम धरायची साइट स्क्रूने हलवता येणारी, आणि मूठ अक्रोडाच्या लाकडाची, अंगठ्याला खाच कोरलेली. माझे वडील मला रविवारी स्कूटरवर क्लबात सोडायचे आणि बाहेर पेपर वाचत बसायचे. बायकांच्या स्पर्धेत मी पॉइंट टू टू चालवायचे, राज्यापर्यंत गेले. पण जीव जडला तो कर्नलसाहेबांच्या बत्तीस बोअरवर. त्या प्रकारात तेव्हा बायकांना स्पर्धाच नव्हती. एकदा क्लबच्या सामन्यात कर्नलसाहेबांनी मला पाहुणी म्हणून उभं केलं. त्या दिवशी सगळ्या पुरुषांपेक्षा माझे गुण जास्त झाले. वहीत मात्र लिहिले गेले नाहीत. सेक्रेटरी म्हणाले, रकाना नाही. मग लग्न ठरलं. सासूबाई म्हणाल्या, बंदुका-बिंदुका आता पुरे. पुरे झालं.

कर्नलसाहेबांनी एक गोष्ट शिकवली होती ती मात्र डोक्यातून गेली नाही. ते म्हणायचे, "जुनं रिव्हॉल्व्हर म्हणजे एक कुटुंब असतं. दांड्याच्या तळाशी नंबर, सिलिंडरवर नंबर, नळीच्या पोटाशी नंबर, आणि मुठीच्या लाकडाच्या आतल्या बाजूलाही तोच नंबर. सगळ्यांचं आडनाव एक असेल तर ते अस्सल. एकाचं जरी वेगळं निघालं तर समजायचं, कोणीतरी घर फोडलंय."

खालाच्या नवऱ्याने तारुण्यात परदेशात शिकताना नेमबाजी केली होती. परत आल्यावर तीस वर्षं एकेक करून त्याने ही रिव्हॉल्व्हरं जमवली, रीतसर परवाने काढून. जेद्दाच्या खाऱ्या हवेत पोलादाला गंज चढतो म्हणून ती ताइफच्या डोंगरावरच्या घरात ठेवली. तो गेल्यावर परवाना खालाने स्वतःच्या नावावर करून घेतला होता. आता तिला ती सगळी एका नेमबाजी क्लबाला द्यायची होती, काचेच्या कपाटात ठेवायला. तिची नात तिथे शिकत होती. क्लबाने यादी मागितली होती: प्रत्येकाचा नंबर, कोणते भाग मूळ, कोणते बदललेले.

"त्याने सगळं कार्डांवर लिहून ठेवलंय," खाला म्हणाली. "पण अर्धं इंग्रजीत. मला त्यातलं कळत नाही. तू येशील? खोलीची किल्ली आमच्या वर्कशॉपच्या मॅनेजरकडे असते. नवरा आजारी पडला तेव्हापासून तोच महिन्याला येऊन तेल लावतो. तोही तुमच्याकडचाच आहे. तुझीच भाषा बोलतो वाटतं."

वर्कशॉप कुठलं, हे तिने सांगितलं आणि मी म्हटलं, "म्हणजे आमचे दादा!"

किती आनंदाने म्हटलं होतं मी ते!

दादांनी माझ्या नवऱ्याला इथली पहिली नोकरी लावून दिली. आम्ही आलो त्या दिवशी विमानतळावर तेच घ्यायला आले होते, आणि त्यांच्या बायकोने, तिला मी ताई म्हणते, आम्हाला पिठलं-भाकरी वाढली होती. मंडळाचे अध्यक्ष तेच. कोणाचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, अडला, कोणाचा कफील, म्हणजे परवाना देणारा मालक, त्रास देतो आहे, कोणाचा बाप गावाकडे वारला आणि तिकीट मिळत नाही, की फोन दादांना. दर दिवाळीला मी त्यांच्या पाया पडायचे.

मी शुक्रवारी सकाळी खालाला घेऊन निघाले. गाडी मीच चालवत होते. ताइफचा घाट चढताना वळणांवर माकडांचे कळप कठड्यावर बसलेले असतात. खाला हातातली जपमाळ ओढत दर वळणाला "हळू, बिंती" म्हणत होती. किल्ली तिने आदल्या दिवशीच दादांकडून मागवून घेतली होती. त्यांना सोबत का बोलावलं नाही ते मी विचारलं नाही.

खोली थंड होती आणि तिला मशीन तेलाचा वास होता. सागवानी कपाट, त्यात अकरा कप्पे, प्रत्येकात हिरव्या कापडावर एक. खाला खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली. घरात एकही गोळी नव्हती, तरी मी प्रत्येकाचं सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी आहेत ना ते पाहिलं. पहिलं हातात घेतलं आणि माझी मूठ आपोआप मिटली. पंचवीस वर्षांनी. निळसर काळ्या पोलादावर एक ओरखडा नाही. घोडा मागे ओढला तर काचेचा दरवाजा लागावा तसा मऊ आवाज. मी खालाला म्हटलं, "तुमचा नवरा फार समजूतदार माणूस होता." ती म्हणाली, "फक्त यांच्याशी."

दुसरंही उत्तम होतं. तिसरं उचललं आणि हाताला काहीतरी टोचलं.

मूठ नवीन होती. गुळगुळीत, चमकणारी, बाजारात कुठेही मिळणारी. अंगठ्याची खाच नाही. कार्डावर खालाच्या नवऱ्याने बारीक अक्षरात लिहिलं होतं: मूठ अक्रोड, हाताने कोरलेली, मूळ, आत नंबर. खाली फोटो चिकटवलेला. फोटोतली मूठ वेगळी होती. मी पर्समधला लहान स्क्रूड्रायव्हर काढला आणि मुठीची पट्टी उघडली. आत कोरं लाकूड. आणि ज्या स्क्रूने ती बसवली होती त्याची खाच पार चावली गेलेली. चुकीच्या मापाचं हत्यार घालून, घाईघाईत, कोणीतरी पिळलेलं. शंभर वर्षांत ज्या स्क्रूच्या कडा शाबूत राहिल्या त्या कोणीतरी दोन मिनिटांत चावून टाकल्या होत्या.

मी एकेक करून सगळी तपासली. अकरापैकी सातांना हात लागलेला होता. पाचांच्या मुठी बदललेल्या, दोघांच्या मागच्या साइट काढून तिथे स्वस्तातल्या बसवलेल्या. कार्डं सगळी जिथल्या तिथे. कार्डं वाचायला कोणी येईल असं हात लावणाऱ्याच्या मनातही आलं नसेल.

शेवटचं रिव्हॉल्व्हर मी कापडावर ठेवलं आणि रागाने दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

"काय झालं?" खालाने विचारलं.

"काही भाग बदललेले आहेत. तुमच्या नवऱ्याने बदलले असतील का?"

"तो एक स्क्रू बदलला तरी लिहून ठेवायचा." ती माझ्याकडे बघत राहिली. "किती?"

"सात."

तिने जपमाळ पुन्हा हातात घेतली. किल्ली एकाच माणसाकडे असते हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी नाव घेतलं नाही. नाव घेतलं नाही याचा मला आजही राग येतो.

घरी आले. नवरा शुक्रवारचं जेवण उरकून सोफ्यावर आडवा झाला होता. मी सगळं सांगितलं. तो उठून बसला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला तो हा: "तू त्या बाईला दादांचं नाव सांगितलंस?"

"नाही."

"नशीब! सांगूही नकोस. लाकडाचे तुकडे आहेत ते. आपण दादांमुळे इथे आहोत, विसरलीस?"

"विसरले नाही. म्हणून तर तोंडात मारल्यासारखं झालंय."

"तुला त्या जुन्या बंदुकांचं इतकं काय आहे?"

पंचवीस वर्षं माझ्याबरोबर राहून, माझं सर्टिफिकेट जुन्या ट्रंकेत बघून, त्याने हे विचारलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा आले. न कळवता. हातात खजुराचा डबा. दार उघडताच मला कळलं की नवऱ्याने फोन केला होता. मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने टीव्हीकडे पाहिलं.

"वहिनी, चहा टाका," दादा म्हणाले आणि नेहमीच्या खुर्चीत बसले.

चहा मी टाकला. सवयीने त्यात आलंही किसलं. त्या आल्याचाही मला अजून राग आहे.

दादांनी कप खाली ठेवला. "ताइफला जाऊन आलात म्हणे."

"हो. मुठी कुठे आहेत, दादा?"

ते हसले. "वहिनी, तुम्ही फार सरळ विचारता."

"सरळ सांगा मग."

मग त्यांनी सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज जराही खाली गेला नाही. जमवणाऱ्यांना अशा कोरलेल्या जुन्या मुठींचं वेड असतं. नुसती मूठ आणि साइट यांना परवाना लागत नाही. त्यांच्या मुलाचं इथे एका जागी काम व्हायचं होतं. ज्या मोठ्या माणसाच्या हातात ते होतं त्याला हा नाद होता. दोन मुठी आणि एक साइट त्याला भेट म्हणून गेली. मुलाचं काम झालं. मग बाकीच्याही काढून ठेवल्या, पुढे कधी लागतील म्हणून.

"एकतीस वर्षं मी त्या घरची कामं केली," दादा म्हणाले. "त्या म्हाताऱ्याने मला नावाने हाक मारली नाही. ए हिंदी, इकडे ये. ए हिंदी, हे पूस. कपाटातच पडून होत्या त्या वस्तू. त्या बाईला मूठ कुठली आणि नळी कुठली हेसुद्धा कळत नाही."

"मला कळतं," मी म्हटलं.

"तेच तर." दादांनी खजुराचा डबा माझ्याकडे सरकवला. "तुम्हाला कळतं. तुम्ही परदेशी बाई, इथल्या माणसाच्या परवान्याची हत्यारं हातात घेतलीत, स्क्रू काढलेत. उद्या कोणी विचारलं तर? इकाम्यावर राहणाऱ्याने जपून असावं, वहिनी. मी भावासारखा सांगतो."

मी नवऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी बोलेल. तो म्हणाला, "दादा काळजीपोटी सांगताहेत."

मी डबा उचलून दादांच्या हातात दिला आणि दार उघडून उभी राहिले. दादा चपला घालताना म्हणाले, "विचार करा." मी म्हटलं, "तुम्ही मुठी परत आणा."

तीन दिवसांनी खालाचा फोन आला. आवाज कोरडा. "बिंती, मॅनेजर म्हणतो, त्या दिवशी हात तू लावलास. मुठी तू बदलल्यास का?"

मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये होते. भिंतीला टेकले. बावीस वर्षं ज्या माणसाच्या पाया पडले त्याने मला चोर ठरवलं होतं. रडू आलं नाही.

"नाही," मी म्हटलं.

"ठीक. हे तू त्याच्यासमोर म्हण. शुक्रवारी ये. तुझ्या नवऱ्यालाही तो घेऊन येतोय म्हणाला, साक्षीला."

नवरा खरंच दादांच्या गाडीतून ताइफला गेला. "मी मध्ये पडून मिटवतो," एवढंच म्हणाला. मी एकटी माझ्या गाडीने घाट चढले. त्या दिवशी वळणावर हळू घ्यायला सांगणारं कोणी नव्हतं.

दिवाणखान्यात लांब गाद्यांवर आम्ही बसलो. एका बाजूला खाला आणि मी, समोर दादा, आणि दादांच्या शेजारी, अगदी गुडघ्याला गुडघा लावून, माझा नवरा. मधल्या मेजावर खालाने तिसऱ्या कप्प्यातलं रिव्हॉल्व्हर आणि त्याचं कार्ड ठेवलं होतं.

दादा अस्खलित अरबीत बोलले. बाई हुशार आहेत, पण अनुभव नाही. जुनं लाकूड तडकतं. नंबर तेलाने पुसले जातात. त्यांनी खोललं, बसवता आलं नाही, दुसरी पट्टी लावली असेल. चूक होते माणसाची.

खालाने मला खूण केली. "उघड."

मी सिलिंडर उघडून दाखवलं, मग मुठीची पट्टी काढली. नवी मूठ नीट बसत नव्हती. पहिल्या दिवशी स्क्रूच्या रागात मी त्याखालचं पोलाद नीट पाहिलंच नव्हतं. आता खिडकीच्या उजेडात धरलं. तिथे घामट बोटांचे दोन ठसे होते आणि त्यावर तपकिरी गंज चढला होता. लाकडाच्या आतल्या बाजूलाही त्या गंजाचा डाग उतरला होता. पुसला तरी निघेना.

"खाला, मी या खोलीत गेल्या शुक्रवारी पहिल्यांदा आले," मी म्हटलं. "ताइफच्या कोरड्या हवेत हा गंज किती दिवसांचा आहे ते तुमच्या मॅनेजरला विचारा. मेकॅनिक आहेत ते. त्यांना नक्की सांगता येईल."

खालाने विचारलं नाही. नुसती दादांकडे बघत राहिली. दादांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

आणि माझ्या नवऱ्याने तोंड उघडलं. इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, वयस्क माणूस आहे. काहीतरी गैरसमज झालाय. माझी बायको जरा तापट आहे."

"तुम्ही गप्प बसा!" मी मराठीत ओरडले. "एक शब्द बोलू नका. चोर म्हणाले ते मला, तुमच्या बायकोला, आणि तुम्ही त्यांच्या गाडीतून आलात."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. चारचौघांत मी त्याच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. खालाला मराठीचं अक्षर कळत नाही, पण तिने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि ती दादांना म्हणाली, "खलास. जे तुझ्याकडे आहे ते रविवारपर्यंत आणून दे. जे दिलंस ते कोणाला दिलंस ते मला सांग. मग घरी जा. कायमचा."

दादा उठले. माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "एका अरब बाईसाठी आपल्या माणसाला खाली बघायला लावलंत, वहिनी."

"आपलं माणूस," मी म्हटलं, "माझ्यावर चोरी ढकलत नाही."

रविवारी मिठाईच्या खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन मुठी आणि एक साइट आली. दोन मुठी आणि एक साइट आली नाही. त्या मोठ्या माणसाने खालाचा फोनच घेतला नाही. आलेल्या वस्तू मी माझ्या हाताने बसवल्या. नंबर ताडून पाहिले, जुळले. पोलादावरचा गंज तेल आणि मऊ कापडाने जेवढा निघाला तेवढा काढला. बोटांचे ठसे मात्र बारीक डागांच्या रूपाने राहिलेच. ते आता जाणार नाहीत.

उरलेल्या तिघांच्या कार्डांवर काय लिहायचं यावरून माझं आणि खालाचंही वाजलं. ती म्हणाली, "हरवलं असं लिही." मी म्हटलं, "हरवलं नाही, चोरलं." ती म्हणाली, "क्लबात लोक वाचतील. माझ्या घरात चोर होता असं मी लिहू?" शेवटी तिने स्वतःच अरबीत लिहिलं, हा भाग मूळ नाही. खोटं नव्हतं. पुरेसंही नव्हतं. मी पेन टेबलावर आपटलं आणि ती हसली, म्हणून आणखीच चिडले.

पण खरा कहर पुढे झाला. खालाने दादांना पोलिसांत दिलं नाही. हक्काचे सगळे पैसे देऊन, वर आभाराचं पत्र देऊन घरी पाठवलं. मी तिच्या खांद्याला व्यायाम देत होते तेव्हा तिनेच हे सांगितलं. माझे हात थांबले.

"पत्र? कशाबद्दल?"

"माझा नवरा शेवटचे सात महिने उठू शकत नव्हता," खाला म्हणाली. "माझे मुलगे भेटायला यायचे आणि जायचे. त्याला उचलून न्हाणीघरात न्यायचा तो हा मॅनेजर. रोज. कोणी सांगितलं नव्हतं. आणि माझ्या नवऱ्याने त्याला कधी नावाने हाक मारली नाही, हेही खरंच आहे."

"म्हणून चोरी चालते?"

"नाही. म्हणून पत्र."

यावर मला उत्तर सापडलं नाही. आजही नाही. राग मात्र तसाच आहे. उत्तर नसलं की राग जास्त टिकतो.

मंडळात कोणाला खरं काय ते कळलं नाही, आणि जेवढं कळलं तेवढं उलटं कळलं. वहिनींनी एका अरबाच्या घरी चुगली केली, दादांना एकतीस वर्षांनी नोकरी सोडावी लागली. निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र. भाषण माझ्या नवऱ्याने केलं. इस्त्रीचा शर्ट घालून निघताना त्याने विचारलं, "येतेस का? लोक विचारतील." मी म्हटलं, "विचारू देत." त्याने दारात बाहीचं बटण लावलं. मग म्हणाला, "मी त्या दिवशी चुकलो. पण भाषण ठरलंय, आता नाही म्हणता येत नाही." हीच त्याची माफी. त्यातला 'पण' मला अजून ऐकू येतो. आम्ही एकत्र जेवतो, भाजी आणायला एकत्र जातो, शिकायला भारतात असलेल्या आमच्या मुलीशी फोनवर हसून बोलतो. तो मला आता न विचारता कोणाला फोन करत नाही. एवढं झालं आहे.

गेल्या महिन्यात गावाकडून ताईंचा, दादांच्या बायकोचा फोन आला. बऱ्याच दिवसांनी. नवीन घर, अंगणातली जास्वंद, गुडघेदुखी. मी दोन व्यायाम सांगितले. मग त्या म्हणाल्या, "का गं, आमच्या निरोपाला तू आली नाहीस? मी तुझी किती वाट बघितली. भावजींनी काय सुंदर भाषण केलं! आमचे हे अजून म्हणतात, वहिनी असती तर बरं झालं असतं."

त्यांना काहीच माहीत नव्हतं. एवढ्या काळात त्या माणसाने घरात एक अक्षर सांगितलं नव्हतं, आणि वर माझं नाव असं मायेने घेत होता. ओठांवर सगळं आलं. मुठी, मिठाईचा खोका, गंज, माझ्यावर ढकललेली चोरी. मला फक्त तोंड उघडायचं होतं.

"ताई, तेव्हा तब्येत बरी नव्हती माझी," मी म्हणाले.

"अगं बाई, मग कळवायचंस तरी," ताई म्हणाल्या. "आता कशी आहेस?"

"बरी आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवून तशीच बसले. त्या दिवशी मला सगळ्यांत जास्त राग माझाच आला.